हळदीच्या दिवशीचा ठणका

मु. पो. पिंपळदरा, ता. पारनेर,
जि. अहिल्यानगर
रविवार, १९ जानेवारी २०२५

आदरणीय लंकावन्संना चांगुणाचा जयभीम.

तुमच्या घरात सगळे खुशाल असतील असं धरून चालते. फोन करून विचारलं असतं, पण मागच्या वेळी माझा आवाज ऐकला आणि तुम्ही काही न बोलता फोन ठेवून दिलात, त्याला तीन वर्षं झाली. पत्र निदान आरती आधी वाचेल, मग फाडायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवाल. आरती, सासूबाईंना तूच वाचून दाखवणार म्हणून तुलाही जयभीम. तुझी छकुली आता शाळेत जात असेल. तुषारला आमचा आशीर्वाद सांग.

इकडं थंडी जोरात आहे. ज्वारी हुरड्यात आली आहे. तुमचे भाऊ सकाळ-संध्याकाळ दूध केंद्रावर जातात, फॅट काढायचं मशीन आता त्यांच्याच ताब्यात दिलंय. रश्मी पुण्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला आहे. तिच्यासाठी स्थळं बघतोय, ती बघू देत नाही. माझी अंगणवाडी चालू आहे, यंदा पटावर एकवीस मुलं आहेत.

ह्यांच्या छातीचं कसं काय असं तुमच्या मनात येईल. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

आज माझ्या डोक्याबद्दल लिहिते. तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? 'चांगुणीचं डोकं' हा आपल्या नात्यात एक शब्दच होऊन बसला होता. बारसं असो, लग्न असो, मी आले की कपाळाला पदर आवळून कोपरा धरायची आणि बायका पोरांना म्हणायच्या, तिकडं खेळा रे. तर वन्सं, ते डोकं आता दुखत नाही. महिन्यातून तीन-चारदा दुखतं, तेवढं तर चारचौघींचं दुखतं.

झालं असं. पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला रश्मी आली आणि तिनं माझी गादी उन्हात टाकायला उचलली. गादीखाली गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. मग तिनं घर झाडायलाच काढलं. बाजरीच्या डब्यामागं निघाली, शिलाई मशीनच्या खणात निघाली, अंगणवाडीतल्या खेळण्यांच्या पेटीतसुद्धा निघाली. तिनं सगळी ओट्यावर मांडली. शंभराच्या वर होती, आणि ती फक्त मागच्या दिवाळीपासूनची.

"आई, ह्या तू एकटीनं खाल्ल्यास?"

मी म्हटलं, "थोड्या तुझ्या पप्पांनी पण घेतल्यात."

हे दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पाकिटं गोळा करायला लागले. त्यांनी उभ्या आयुष्यात डोकेदुखीची गोळी घेतलेली नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

रश्मीनं नगरला डोक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. दिसायला रश्मीएवढीच पोरगी. तिनं विचारलं, "मावशी, महिन्यातून किती दिवस डोकं अजिबात दुखत नाही?" असा दिवस मला आठवेना. "सकाळी उठल्या उठल्याच दुखतं?" व्हय. "गोळी घेतली की दोन-तीन तास बरं वाटतं?" व्हय. तिनं पेन खाली ठेवला.

"तुमचं पहिलं दुखणं खरं होतं. ते महिन्यातून चार-दोनदा यायचं. आता रोज जे दुखतंय ते गोळ्यांमुळं दुखतंय. गोळीचा अंमल गेला की डोकं धरतं, डोकं धरलं की तुम्ही परत गोळी घेता. हे असंच चालत राहतं."

मला पटेना. पंधरा वर्षं जिच्या आधारानं मी उठत-बसत होते, तीच मला पाडत होती असं कुणी सांगितलं तर कसं पटेल? मी तिला म्हटलं, बाई, गोळी नसती तर मी मेले असते. ती म्हणाली, "बंद करून बघूया. पण पहिले आठ-दहा दिवस फार वाईट जातील. घरात माणूस पाहिजे."

घरात माणूस होतं. ह्यांनी केंद्रावरून दहा दिवस रजा घेतली. रश्मीनं घरातली गोळी न् गोळी उचलून नेली, दुकानदाराला बजावून गेली. तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर डोकं आपटलं. पोटात पाणी ठरत नव्हतं. ह्यांचे पाय धरून म्हटलं, एक द्या, अर्धी द्या. हे उंबऱ्यात बसलेले. म्हणाले, "न्हाई." अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून 'न्हाई' मी पहिल्यांदा ऐकलं. त्यावर मी त्यांना काय काय बोलले ते कागदावर उतरवण्यासारखं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी शेजारच्या राजेश्वरीच्या घरी कुकरची शिट्टी झाली आणि मी डोळे मिटून घेतले नाहीत. एवढंच झालं. पडल्या पडल्या मी आणखी एका शिट्टीची वाट बघितली. तीही झाली. तरी काही झालं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक वही दिली आहे, ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी खूण करायची. सप्टेंबरात एकवीस खुणा होत्या, डिसेंबरात चार. खुणांशेजारी मी हळूहळू दोन-दोन ओळी लिहायला लागले. हे पत्र लिहायचं बळ त्यातूनच आलं.

बरं वाटायला लागल्यावर मी काय पाहिलं सांगू? आमच्या अंगणवाडीत गाणी नाहीत. इतकी वर्षं मुलं आली की मी त्यांना ओठांवर बोट ठेवून बसवायची. पर्यवेक्षिकाबाई यायच्या आणि म्हणायच्या, चांगुणाताईंची मुलं किती शिस्तीची. मला बरं वाटायचं. दिवाळीनंतर एक दिवस मी म्हटलं, गाणं म्हणूया. मुलं माझ्या तोंडाकडं बघत राहिली. एकीनं तर बोट ओठावरून काढलंच नाही.

घरातही तसंच होतं, वन्सं. पण ते आज नको.

यंदा चौदा एप्रिलला माहेरी या. सात वर्षं झाली, जयंतीला तुमची जागा रिकामी असते. माझ्यासाठी नका येऊ. ह्यांना बहीण एकच आहे.

तुमची भावजय,
चांगुणा



पिंपळदरा
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय लंकावन्सं,

जयभीम. मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असणार. उत्तराची मी आशा धरली नव्हती. धरली होती थोडी.

आरती, तुला एक सांगते. हे पत्र घरात चारचौघांत वाचू नकोस. वन्सं एकट्या असतील तेव्हा वाच. तुझ्याच लग्नाचं आहे यात, तूही ऐकलंस तरी चालेल, पण तुषारला आत्ता नको.

वन्सं, ह्यांच्या छातीला कधीच काही झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तुषारच्या हळदीला तुमच्या अंगणात ह्यांनी सांगितलं, "आक्का, दम लागतो, डॉक्टरनं फुंकायची बंदी केलीय." ते खोटं होतं. तुम्हाला ते खोटं आहे हे कळलं, पण का बोलले ते कळलं नाही. ते मी आज सांगते.

तुम्ही ह्यांना अंगाखांद्यावर खेळवलंय. मामंजी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, तुमच्या लग्नात त्यांनी स्वतः वाजवलं, ते तुम्ही मला कितीदा सांगितलंय. त्यांच्यामागून ह्यांनी ते हातात घेतलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मच्छिंद्रमास्तरांची बँडपार्टी म्हणजे तालुक्यात नाव होतं, आणि लोक मास्तरांना सुपारी देताना विचारून घ्यायचे, सोपान असणार ना? माघापासून जेठापर्यंत हे घरी नसायचे. आले की कपड्यांना दुसऱ्यांच्या लग्नाचा वास. मी एकोणीस वर्षांची होते. मला राग यायचा, पण राग आला असं म्हणायची सोय नव्हती. ते काही दारू पीत नव्हते, बाईच्या नादाला लागले नव्हते. वाजवत होते आणि घरात आणून देत होते.

रश्मी लहान असताना माझं डोकं पहिल्यांदा दुखलं. ते खरं होतं, डॉक्टरीणबाईही खरंच म्हणाल्या. अर्धं कपाळ फुटायचं, उलट्या व्हायच्या. त्या दिवशी ह्यांची सुपारी होती. ह्यांनी मास्तरांना निरोप धाडला आणि माझ्या उशाला बसून राहिले. कपाळावर तळवा दाबून धरला होता. मला वाटलं, असं दुखणं पुन्हा आलं तरी चालेल.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनाही नाही.

मग गोळ्या सुरू झाल्या, आधी आठवड्याला, मग दिवसाआड, मग रोज. ते मागं लिहिलंच आहे. घरात आवाज नको झाला. ह्यांनी रियाज पहिल्यांदा ओट्यावर नेला, मग गोठ्यात, मग मळ्यातल्या विहिरीवर. पुढं तेही बंद झालं. दोन हजार तेरा साली बँड सोडला आणि दूध केंद्रावर लागले. मास्तर घरी आले होते विचारायला. हे म्हणाले, "घरच्या मान्साला बरं न्हाई मास्तर, आता जमायचं न्हाई." मी आतून ऐकत होते.

क्लॅरिनेट मात्र विकलं नाही. कधीतरी दुपारी मी उठून बघायची, तर हे ओट्यावर बसून ते पुसायचे. पुसून झालं की मांडीवर आडवं धरून बोटं फिरवायचे. तोंडाला लावायचे नाहीत. अख्खं गाणं असं बोटांनी वाजवायचे, चुकलं की थांबायचे, परत पहिल्यापासून. आवाज काहीच नाही. मी मागं फिरून झोपायची.

तुषारचं लग्न ठरल्यावर तुम्ही स्वतः आलात. ह्यांना म्हणालात, "आपल्या बापानं माझ्या हळदीला वाजिवलं. माझ्या पोराच्या हळदीला तू वाजवायचं." हे नुसते हसले. तुम्ही गेल्यावर त्यांनी विहिरीवर जायला सुरुवात केली. आठ दिवस गेले. परत यायचे तेव्हा ओठ सुजलेले असायचे आणि चेहरा असा असायचा की मी तो विसरून गेले होते.

हळदीच्या दिवशी सकाळी सहाला मी उठले ती ठणका घेऊनच. गोळ्यांचा डबा रिकामा होता. मी ह्यांना उठवलं. त्यांनी गाडी काढली, पारनेरला गेले, दुकान उघडेपर्यंत बाहेर थांबले, साडेआठला आले. मी दोन गोळ्या घेतल्या. हे उशाला बसले. बाहेर क्लॅरिनेटची पेटी पुसून तयार ठेवली होती, इस्त्रीचा सदरा दोरीवर होता. तुम्ही हळदीला मास्तरांचाच बँड सांगितला होता, त्यांचा टेम्पो एक वाजता फाट्यावर येणार होता.

वन्सं, आता खरं लिहिते.

बारा वाजता माझा ठणका उतरला होता.

पूर्ण उतरला होता. कपाळ मोकळं झालं, डोळ्यांवरचा भार गेला, पोटात भूकसुद्धा लागली. ह्यांचा तळवा माझ्या कपाळावर होता. मला एवढंच म्हणायचं होतं, "उतरलं आता, तुम्ही निघा." एवढे तीन-चार शब्द. मी डोळे मिटून पडून राहिले. डोळे उघडले की ते उठतील, ते माहीत होतं. एकदा कण्हलेसुद्धा. दुखत नसताना कण्हले.

एकला मास्तरांचा फोन आला. हे म्हणाले, "तुमी व्हा म्होरं." मग परत येऊन बसले. दोन वाजता मी उठले आणि म्हणाले, आता जरा बरं वाटतंय.

संध्याकाळी हे गाडीवरून तुमच्याकडं निघाले, तर पेटी घेतली नाही. मी म्हटलं, घ्या की. म्हणाले, "आता कशाला. बँड सुरू बी झाला आसंल." तुमच्या अंगणात जे झालं ते मला मास्तरांकडून कळलं. ह्यांनी दम लागतो म्हणून सांगितलं, आणि मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "दम? आठ दिस हिरीवर तास तास फुकतोय त्यो." तुम्हाला वाटलं, आरतीच्या माहेरची माणसं शिकलेली, शाळामास्तर, क्लार्क, त्यांच्यापुढं बँडवाला म्हणवून घ्यायची भावाला लाज वाटली. तुम्ही म्हणालात, "बापाची लाज वाटती तुला. माझ्या दारात पाय ठिवू नगं." हे तसेच मागं फिरले, अक्षता टाकायलाही थांबले नाहीत.

ह्यांनी माझं नाव घेतलं असतं तर तुम्ही माफ केलं असतं. बायकोचं डोकं दुखत होतं म्हटल्यावर कोण काय बोलणार? नाव का घेतलं नाही, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाराचंही बोलावं लागलं असतं.

सात वर्षं मी मनाची समजूत घालत होते की माझा आजारच तसा होता, मी काय करणार. आता डॉक्टरीणबाई म्हणतात की आजारातला मोठा वाटा गोळ्यांचा होता. मग गोळ्यांवर ढकलू म्हटलं. पण त्या बाराचं काय? तेव्हा तर दुखतच नव्हतं.

दिवाळीत मी ह्यांना म्हणाले, आता घरात खुशाल वाजवा, मला काही होत नाही. मी स्वतः पेटी काढून पुढ्यात ठेवली. ह्यांनी माझ्याकडं बघून तोंड उघडलं आणि बोट दाखवलं. साखरेच्या आजारानं हिरड्या गेल्या, पुढचे वरचे चार दात दोन वर्षांपूर्वी काढलेत. मी रोज त्यांना भाकरी कुस्करून देते. दात मला माहीत होते. पण दात गेले म्हणजे काय गेलं, ते त्या दिवशी कळलं.

"दात न्हाई तर ओठाला आधार न्हाई," म्हणाले. "जाऊ दे."

बाराचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिलं. सांगायचं की नाही, ते तुम्ही म्हणाल तसं. तुमचा राग माझ्यावर काढा, तो माझा आहे. भावाला दारात येऊ द्या.

अपराधी,
चांगुणा



पिंपळदरा
गुरुवार, १७ एप्रिल २०२५

लंकावन्सं,

जयभीम. तुम्ही आणि आरती नीट पोचलात असा तुषारचा फोन ह्यांना आला, बरं वाटलं. चटणीचा डबा इथंच राहिला आहे, कुणी येणारं असलं तर पाठवते.

तुम्ही येणार असं आरतीनं फोनवर कळवलं होतं, पण ते मी ह्यांना सांगितलं नव्हतं. म्हटलं, न आलात तर? त्या दिवशी सकाळी एस.टी.तून उतरून तुम्ही गल्लीत शिरलात तेव्हा हे समाजमंदिराला झालर लावत शिडीवर होते. खाली बघितलं आणि शिडीवरच थांबले. उतरेनात. तुम्ही खालून म्हणालात, "सोप्या, उतर, पडशील." तेव्हा कुठं उतरले. मी ते दारातून बघितलं. तुम्ही त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि तिथंच विचारलंत, "दात कुठं गेलं रं?"

दुपारी तुम्ही त्यांना पेटी काढायला लावलीत. त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. नुसती हवा निघाली, मग बारीक किंचाळल्यासारखा एक आवाज. पोरं हसली. हेही हसले. तुम्ही हसलात आणि मग पदरानं तोंड पुसत बसलात, बराच वेळ. मी चुलीपुढं होते. मला उठून बाहेर यायचं धाडस झालं नाही.

तुम्ही मला स्वयंपाकघरात येऊन दोनच वाक्यं बोललात. "कागद म्या जाळला. त्याला सांगू नगंस, उरल्याला संसार नीट कर." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवला नाहीत, आणि ते बरोबरच होतं. पण तुम्ही माझ्या हातची भाकरी खाल्लीत. मी तेवढ्यावर पुष्कळ दिवस काढीन.

वन्सं, मी तुमचं ऐकलं नाही.

काल संध्याकाळी हे दूध केंद्रावरून आले, हातपाय धुतले, ओट्यावर बसले. तुम्ही येऊन गेल्यापासून त्यांचा आवाज बदललाय, कुणाशीही बोलताना मध्येच "आक्का म्हनत हुती" येतं. मी चहा दिला. आणि तिथंच उभ्या उभ्या सांगून टाकलं. "हळदीच्या दिवशी बाराला माझं डोकं उतरलं होतं. मी डोळे मिटून पडले. तुम्हाला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून."

त्यांनी चहा बशीत ओतला. प्यायले. म्हणाले, "म्हाईत हाय."

मला वाटलं, तुम्हीच सांगितलं. म्हटलं, वन्संनी सांगितलं का?

"आक्का काय सांगील. तवाच म्हाईत हुतं. माझा हात हुता की तुझ्या कपाळावर. शीर उडायची थांबली का हाताला कळतंच."

मी खाली बसले. म्हटलं, मग उठून का गेला नाहीत? टेम्पो एकला होता. तुम्हाला कुणी धरलं होतं?

ह्यांनी बशी खाली ठेवली. समोरून पोरं सायकल ढकलत गेली. मग म्हणाले,

"मला वाटलं, तू म्हनशील. आत्ता म्हनशील, मग म्हनशील, उठा, जा म्हनून. त्याच्याच आशेवर बसलो. तू म्हनली असतीस तर लई वाजिवलं असतं त्या दिशी."

रागानं बोलले नाहीत. रागानं बोलले असते तर मला सोसलं असतं. कप-बशी आत नेऊन विसळून ठेवली आणि म्हैस बांधायला गेले. मी तिथंच बसून होते. राजेश्वरी हाक मारून गेली, मला काय हाक मारली ते कळलं नाही. ती म्हणाली, "डोकं दुखायलंय का परत?" मी म्हटलं, नाही. खरंच दुखत नव्हतं. एक गोळी मागून घ्यावी असं मात्र वाटलं. घेतली नाही.

सकाळी ह्यांनी नेहमीसारखं विचारलं, "बरं वाटतंय का?" पंधरा-वीस वर्षं रोज सकाळी विचारतात. आज मी पहिल्यांदा सांगितलं, मी बरी आहे, माझं रोज विचारत जाऊ नका. ते म्हणाले, "सवय हाय."

आता एक मागणं आहे, वन्सं. मला माफ करा असं मागत नाही. शाळेला सुट्टी लागली की, मे महिन्यात, ह्यांना आठ-पंधरा दिवस तुमच्याकडं बोलवा. तुषार राहुरीतल्या दातांच्या डॉक्टरबद्दल काही बोलत होता, तेही दाखवून घ्या. कवळी बसली तर बसली. वाजवता आलं नाही तरी तुमच्या अंगणात बसतील, तुमच्याशी मामंजींचं बोलतील, आरतीची छकुली मांडीवर घेतील. इथं माझ्या उशाशी बसून बसून त्यांना बसायचं ठिकाणच दुसरं राहिलेलं नाही.

ते नको म्हणतील. म्हणतील, चांगुणीला कोण बघणार? ते असं म्हणाले की फोन माझ्याकडं द्यायला सांगा, आणि तुम्ही ठेवू नका, कानाला धरून थांबा. तुम्हाला ऐकू येईल असं मी त्यांना म्हणेन, उठा, जा.

तुमच्या फोनची वाट बघत असलेली,
चांगुणा